ठाण्यातून पोच मिळेपर्यंत

सोमवारी अकरा वाजता मी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. मंगळवारी सकाळी, ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याच्या मॅनेजरच्या मोबाइलमध्ये त्या तक्रारीचा फोटो होता. माझं अक्षर, माझी सही, सहीखाली माझा फोन नंबर. माझ्या टपालाच्या खिडकीशी उभा राहून तो मला ते दाखवत होता.

"मॅडम, अक्षर फार छान आहे हां तुमचं," तो म्हणाला आणि हसला.

समोर दोन म्हाताऱ्या पेन्शनच्या चौकशीला आल्या होत्या, त्यांचं काम उरकलं. पण तारखेचा शिक्का दोनदा वाकडा पडला. या गोष्टीला दोन पावसाळे उलटले. लोक म्हणतात, आता राग सोडा, भिंत पडली ना शेवटी. त्यांना कसं सांगू, भिंत बांधणाऱ्याचा मला जेवढा राग आला त्याच्या कितीतरी पट तो फोटो काढणाऱ्याचा आहे.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाड यांच्या मधल्या डोंगरपट्टीत आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही, आणि ठाण्याचंही नाही. गावातल्या छोट्या टपाल कार्यालयाची मी पोस्टमास्तर. कार्यालय म्हणजे आमच्या घराची पुढची खोली: एक टेबल, एक लोखंडी कपाट, एक खिडकी. नवरा वाशिंदच्या कारखान्यात फिटर आहे. सकाळी मोटारसायकलने आटगाव स्टेशन गाठतो आणि संध्याकाळी परततो. गावात मला सगळे टपालबाई म्हणतात.

गावाच्या वर, टेकडीच्या पोटात एक वाडी आहे. तिथली माणसं थोडी भातशेती करतात, नाचणी लावतात, रानातून मोहाची फुलं, करवंदं, रानभाज्या आणून मुरबाडच्या बाजारात विकतात. वाडी आणि गाव यांच्या मधून ओढा वाहतो. ओढ्याला लागून पायवाट आहे. वाडीची पोरं त्या वाटेनं शाळेत येतात, आजारी माणूस त्याच वाटेनं डोलीत खाली आणतात. ही वाट आणि ओढा, दोन्ही सरकारी नकाशात आहेत. कुणाच्या मालकीचे नाहीत.

महामार्ग जवळून गेला तसे आमच्याकडे मोठ्या गाड्या येऊ लागल्या. मुंबईच्या एका शेठनं ओढ्याकाठची जमीन घेतली. तिथं बंगले होणार, पोहायचा तलाव होणार, अशा पाट्या लागल्या. तोवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. जमीन त्याची, पैसे त्याचे. पण दिवाळीनंतर जेसीबी आला आणि थेट ओढ्यात उतरला. पात्राच्या निम्म्यापर्यंत दगडी भिंत उभी राहिली. पायवाट भिंतीच्या आत गेली आणि तिच्यावर लोखंडी गेट बसलं. गेटावर पाटी: खाजगी मालमत्ता, प्रवेश बंद.

वाडीवरची एक बाई माझ्याकडे आली. वय सत्तरीच्या आसपास, नवरा कधीच गेलेला. तिचं भाताचं खाचर भिंतीच्या समोरच्या काठाला आहे. वाडीत आणि गावात सगळे तिला बाय म्हणतात. मीही तेच म्हणते.

"टपालबाय, तुला लिवता येतं," ती म्हणाली. "ह्यो पानी अडवतंय. पावसात माजं शेत जाणार. तू कागुद कर."

मी कागद केला. ग्रामपंचायतीकडे केला, तहसीलदारांकडे केला. वाडीच्या लोकांनी सह्या केल्या, बायनं अंगठा उठवला. तहसीलचं काम मंद असलं तरी झालं, हे मला कबूल करायला हवं. तलाठी आला, मोजणीचे कागद बघितले, पंचनामा केला. महिनाभरानं तहसीलदारांचा आदेश निघाला: बांधकाम विनापरवाना आणि ओढ्याच्या पात्रात आहे, काम ताबडतोब थांबवावं. आदेशाची प्रत पोलीस ठाण्याला. काम पुन्हा सुरू झाल्यास गुन्हा नोंदवावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

आदेश आला त्या दिवशी काम थांबलं. चौथ्या दिवशी परत सुरू झालं. मिक्सरची घरघर माझ्या खिडकीपर्यंत ऐकू यायची. आमच्या भागाचे हवालदार मोटारसायकलवरून यायचे, गेटाच्या आत जायचे, चहा पिऊन बाहेर यायचे. एकदा मी त्यांना रस्त्यात अडवलं.

"साहेब, आदेश आलाय ना तुमच्याकडे? काम चालू आहे."

"ताई, ते महसूल खात्याचं काम," ते म्हणाले. "आम्ही काय भिंती मोजायच्या का?"

"मोजू नका. आदेशात लिहिलंय, गुन्हा नोंदवा."

"लेखी द्या मग."

म्हणून मी त्या सोमवारी लेखी तक्रार घेऊन गेले. माझ्याबरोबर आमच्या गावचे मामा होते. मामा म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मुरबाड डेपोत आयुष्य गेलेलं. गावात सगळ्यांचेच ते मामा. हवालदारांनी कागद घेतला, वाचला, ड्रॉवरमध्ये टाकला.

"पोच द्या," मी म्हणाले.

"साहेब नाहीत. शिक्का साहेबांच्या कपाटात असतो. उद्या येऊन घेऊन जा."

आणि मी उठले! अख्खं आयुष्य शिक्का मारण्यात गेलेली मी, पोच न घेता परत आले. गावातलं कुणी माझ्याकडे रजिस्टर टाकून पावती न घेता निघालं तर मी त्याला हाक मारून परत बोलावते. आणि ठाण्यातल्या खुर्चीपुढे मी नुसतं 'बरं' म्हणाले. पोलिसाच्या टेबलासमोर आपण सगळे का लहान होतो, कुणास ठाऊक. मामा बाहेर येऊन म्हणाले, "बाई, चुकलं आपलं." दुसऱ्या दिवशी तो मॅनेजर फोटो घेऊन आलाच.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. घास तसाच हातात राहिला.

"नंबर पण गेला तुझा?"

"गेला."

"मी सकाळचा आटगावला जातो, तू दिवसभर घरात एकटी असतेस. कशाला पडतेस यात? आपलं शेत आहे का तिथं?"

त्याची भीती खोटी नव्हती. पण मला त्याचाही राग आला, हे लिहिलंच पाहिजे. मी म्हणाले, "आपलं शेत असतं तर चाललं असतं का?" त्या रात्रीपासून त्यानं पुढच्या दाराला आतून दुसरी कडी लावायला सुरुवात केली.

मी तीच तक्रार पुन्हा लिहिली. या वेळी वरच्या ओळीत एक वाक्य वाढवलं: माझ्या पहिल्या तक्रारीचा फोटो विरुद्ध पक्षाकडे कसा पोहोचला, त्याची चौकशी व्हावी. ती मी रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीचं कार्ड लावून पाठवली. माझ्याच कार्यालयातून, माझ्याच हातानं शिक्का मारून. आठवड्यात कार्ड परत आलं. ठाण्याचा गोल शिक्का, खाली सही. मी ते कार्ड कपाटात ठेवून दिलं.

त्यानंतर काहीही झालं नाही. फोन नाही, चौकशी नाही, जबाब घ्यायला कुणी नाही. भिंत मात्र रोज एक थर वर जात होती. मे महिन्यात ती पूर्ण झाली.

आषाढात एके दिवशी दुपारी डोंगरावर जोरात पाऊस पडला. ओढ्याला जिथं पंधरा पावलांची वाट होती तिथं सात पावलांची उरली होती. पाणी भिंतीवर आपटलं आणि समोरच्या काठावर चढलं. बायच्या खाचरात आवणी, म्हणजे भाताची लावणी, होऊन चार दिवस झाले होते. मी छत्री घेऊन धावले तेव्हा खाचर दिसतच नव्हतं. गढूळ पाणी सरळ वाहत होतं आणि त्यातून रोपांच्या जुड्या खाली चालल्या होत्या. बाय बांधावर उभी होती, डोक्यावर प्लास्टिकचा कागद. रडत नव्हती. पाण्याकडे बघत होती फक्त. पाणी ओसरलं तेव्हा खाचरात गुडघाभर दगडगोटे आणि वाळू होती. त्या वर्षी तिथं काही उगवणार नव्हतं, आणि पुढच्या वर्षी उगवायचं तर आधी ते सगळं हातानं उपसावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी वाडीतली अकरा माणसं, मामा आणि मी एसटीनं ठाण्यात गेलो. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती. या वेळी मोठे साहेब जागेवर होते. आम्हाला बघून ते उभेच राहिले.

"हे काय? एवढी माणसं? हा बेकायदा जमाव होतो, माहीत आहे का?"

मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, एसटीच्या पायरीवर यापेक्षा जास्त असतात."

मागून कुणीतरी हसलं. साहेबांचा चेहरा बदलला. "चेष्टा करू नका. कोण बोलणार तुमच्यातलं? एकानंच बोला."

मी पुढे झाले. कागद टेबलावर ठेवला. "भिंतीमुळे हिचं शेत वाहून गेलं. तहसीलदारांचा काम थांबवण्याचा आदेश तुमच्याकडे आधीपासून आहे. तरी भिंत पूर्ण झाली. आमची तक्रार घ्या आणि पोच द्या."

"ठेवून जा. बघतो."

"पोच द्या, मग जातो."

"मॅडम, तुम्ही मला कायदा शिकवणार?"

"नाही साहेब. मी शिक्का मागतेय. मी दिवसाला पाच-पंचवीस मारते, एकाला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे."

ते खुर्चीत मागे टेकले. "शिक्का नाही मिळणार. आधी चौकशी, मग शिक्का. आणि हा जमाव बाहेर काढा, नाहीतर मला कारवाई करावी लागेल."

तेव्हा बाय बोलली. दाराशी जमिनीवर बसली होती, तिथूनच. "साहेब, तो एवढा मोठा भिताड तुमाला सहा महिने दिसला नाय. आमी अकरा माणसा लगेच दिसलो?"

एक तरुण शिपाई होता, त्यानं मान खाली घातली. साहेब म्हणाले, "म्हातारे, तोंड सांभाळ." ते ऐकलं आणि माझी भीती एकाएकी गेली. खरंच गेली. मी म्हणाले, "त्यांना अरे-तुरे करू नका. आम्ही तुम्हाला साहेब म्हणतोय." आणि मीही बायच्या शेजारी जमिनीवर बसले. मामा बसले. वाडीची माणसं बसली. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. ठाण्याच्या व्हरांड्यात आम्ही तेरा जण भिंतीला टेकून बसलो.

साडेअकराला बसलो होतो. एकदा हवालदार येऊन गेले, "ताई, तुम्ही सरकारी माणूस, तुम्हाला शोभत नाही." एकदा कुणाचा तरी फोन आला आणि साहेब आतल्या खोलीत जाऊन बोलले. शेजारच्या टपरीवाल्यानं न मागता चहा पाठवला आणि पैसे घेतले नाहीत. पासपोर्टच्या कामाला आलेला एक मुलगा, मुरबाडचा, मामांना विचारत होता, तुम्ही कशासाठी बसलात? मामांनी सांगितलं. तो म्हणाला, "नुसत्या शिक्क्यासाठी?" मामा म्हणाले, "हो रे, नुसत्या शिक्क्यासाठी."

चारच्या सुमारास त्याच तरुण शिपायानं कागद आणून दिला. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. शिक्का कपाटात नव्हता. दाराजवळच्या टेबलावर शाईच्या डबीशेजारी सगळा वेळ पडलेला होता, आम्ही बसलो होतो तिथून चार हातांवर.

आम्ही परतलो तेव्हा आम्हाला वाटलं, जिंकलो. आठव्या दिवशी टपालाच्या पिशवीत तीन जाड पाकिटं आली. एक माझ्या नावाचं, एक मामांच्या, एक बायच्या. पाठवणारं पोलीस ठाणं. एरवी अशी नोटीस शिपायानं हातात द्यायची. पण वाडीची चढण चढायचा कंटाळा, म्हणून त्यांनी ती रजिस्टरनं टाकली होती. म्हणजे ती वाटायची कुणी? मी.

माझं मी उघडलं. आपण व आपले साथीदार सार्वजनिक शांततेचा भंग करण्याची शक्यता आहे, तसे केल्यास आपल्यावर कायदेशीर कारवाई होईल, अशी आपणास समज देण्यात येत आहे. ज्यानं ओढा गिळला त्याला समज नाही. ज्यानं माझा कागद विकला की वाटला, त्याला समज नाही. ज्या बाईचं शेत वाहून गेलं तिच्यापासून शांततेला धोका.

मी वाडीवर गेले. भिंतीमुळे मोठा वळसा घ्यावा लागतो, शेवटी चिखलातून दोरीसारखी वाट. बाय खाचरातून उपसलेली वाळू पाटीनं आणून अंगणात टाकत होती. पाकीट द्यायच्या आधी अंगठा घ्यावा लागतो. मी शाईची डबी काढली, तिनं काही न विचारता अंगठा पुढे केला. इतक्या वर्षांत माझ्या हातून तिला फक्त पेन्शन मिळालेली.

"पैसं आलं क?" तिनं विचारलं.

"नाही बाय. पोलिसांचा कागद आहे."

"वाच."

मी वाचला. मग तिच्या बोलीत सांगितला.

"मी काय केला गो?" ती म्हणाली. "मी कोणाला मारला नाय. शिवी दिली नाय. मंग माज्या नावानं असा कागुद का?"

ती पुढे म्हणाली, "माजं नाव आजवर कंदी ठाण्यात नव्हतं. नवरा दारू प्यायचा, पर त्याचंबी नव्हतं. आता गावकी म्हणेल, म्हातारीवर केस झाली." तिनं तो कागद घडी करून पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्डाच्या खाली ठेवला. खाली उतरताना मी एकटीच मोठमोठ्यानं बोलत होते. कुणी ऐकलं असतं तर वेड लागलं म्हणालं असतं. इतक्या शिव्या मला येतात हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच महिन्यात माझ्या खात्याकडे निनावी अर्ज गेला, की ही बाई टपाल फोडते आणि लोकांना भडकवते. कल्याणहून तपासणीला अधिकारी आले. सगळी वह्या-पुस्तकं उलटून पाहिली, शिक्के मोजले, दोन गावकऱ्यांना विचारलं. काही सापडलं नाही, कारण काही नव्हतंच. जाताना ते म्हणाले, "बाई, काम तुमचं चोख आहे. पण जरा जपून." चांगुलपणानंच म्हणाले. मला मात्र वाटलं, जपून राहायला हे फक्त आम्हालाच का सांगतात?

माहितीच्या अधिकाराचा अर्ज मामांनी सुचवला. पेन्शनच्या भांडणात त्यांनी एकदा तो वापरला होता. आम्ही सरळ प्रश्न विचारले. तहसीलदारांच्या आदेशावर ठाण्यानं काय कारवाई केली? माझ्या तक्रारींचे आवक क्रमांक काय, त्या कुणाकडे तपासाला दिल्या? शांतता भंगाची नोटीस कोणत्या अहवालावरून काढली, त्या अहवालाची प्रत द्या. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं. एकतिसाव्या दिवशी चार ओळींचं उत्तर आलं. उन्हाळ्यातल्या तारखांना आपला कोणताही अर्ज या कार्यालयास प्राप्त झालेला नाही. नोटिशीबाबतची माहिती गोपनीय आहे.

प्राप्त झालेला नाही! मी कपाट उघडलं, पोचपावतीचं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत बसले. नवरा कारखान्यातून आला, त्यानं उत्तर वाचलं, कार्ड पाहिलं. मग पहिल्यांदाच तो म्हणाला, "अपील कर. सुनावणीला मी पण येतो. रजा टाकतो."

अपील वरच्या पोलीस अधिकाऱ्यांकडे होतं, ठाण्याच्या साहेबांचे ते वरिष्ठ. ते देवमाणूस वगैरे नव्हते. आम्हाला दोन तास बसवून ठेवलं, आत गेल्यावर घड्याळाकडे बघत म्हणाले, "थोडक्यात सांगा." आमच्या ठाण्याचे साहेब बाजूला फाईल घेऊन उभे होते.

मी थोडक्यात सांगितलं. कार्ड पुढे केलं.

अधिकाऱ्यांनी ते उलटसुलट केलं. "हा शिक्का तुमच्या ठाण्याचा आहे?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"असेल, सर."

"असेल म्हणजे?"

"आहे, सर."

"आणि तुम्ही लेखी दिलंय, अर्ज मिळाला नाही."

साहेब म्हणाले, "कारकुनाकडून नजरचूक झाली असेल, सर. आणि सर, या मॅडम स्वतःच पोस्टात आहेत. शिक्के यांच्याच हातात असतात."

नवरा खुर्चीतून अर्धा उठला. मी त्याचा हात धरला. म्हणाले, "माझ्या टपालाचा शिक्का माझ्या हातात असतो. तुमच्या ठाण्याचा गोल शिक्का माझ्या हातात कसा येईल? आणि ही खालची सही तुमच्या हवालदारांची आहे. बोलवा त्यांना, इथंच करायला सांगा."

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे बघणं सोडलं. त्यांनी आवक नोंदवही मागवली. ती आली तेव्हा त्या तारखेच्या पानावर दोन नोंदींच्या मध्ये एक ओळ पांढऱ्या शाईनं पुसलेली होती. मी त्या पानाकडे बघत राहिले. माझा कागद त्यांच्याकडे पोहोचला होता, वाचला गेला होता, नोंदला गेला होता. मग कुणीतरी ब्रश बुडवून तो पुसला होता. आळस समजू शकते मी. हा आळस नव्हता.

त्यानंतर गोष्टी हलल्या, आणि ज्या वेगानं हलल्या त्यानं माझा संताप वाढलाच. पंधरा दिवसांत शेठवर गुन्हा दाखल झाला. हिवाळ्यात तहसीलचे लोक जेसीबी घेऊन आले, आणि बंदोबस्ताला पोलिसांच्या दोन गाड्या. पात्रातली भिंत दुपारपर्यंत भुईसपाट झाली. गेट काढलं. एका दिवसाचं काम. एका दिवसाच्या कामासाठी एका म्हातारीचं शेत गेलं, तिला नोटीस मिळाली, माझ्या घराला दुसरी कडी लागली. गावातल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर गाडीत बसून बघत होता. हवालदार माझ्याजवळ येऊन म्हणाले, "झालं ना ताई मनासारखं?"

"नाही," मी म्हणाले. "फोटो कुणी दिला ते सांगा."

ते दुसरीकडे निघून गेले. दोन महिन्यांनी त्यांची बदली झाली, तालुका सोडून पलीकडे. त्याला शिक्षा म्हणतात म्हणे. तिथल्या लोकांनी काय पाप केलं, ते मला कुणी सांगितलं नाही. साहेबांकडून खुलासा मागवला होता. तो त्यांनी दिला. त्यात काय लिहिलंय ते मी मागितलं, तर तेही गोपनीय.

नोटिशीचं मात्र मी सोडलं नाही. तीन अर्ज केले. मामा म्हणायचे, राहू दे, नोटिशीची मुदत संपली आपोआप. मी म्हणाले, तिच्या डब्यात ती अजून आहे. शेवटी ठाण्याचं एक ओळीचं पत्र आलं: सदर नोटीस मागे घेण्यात येत आहे. मी ते घेऊन वाडीवर गेले. या वेळी ओढ्याच्या वाटेनं, दहा मिनिटांत. बायनं ऐकलं. पत्र हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"चूक झाली असा लिवलाय क?"

"नाही. मागे घेतो, एवढंच लिहिलंय."

"मंग ठेव तुज्याकडं," ती म्हणाली आणि पत्र मला परत दिलं. "चूक झाली असा लिवतील तवा आण."

तिचं निम्मं खाचर अजून वाळूखाली आहे. वाडीतल्या बायांनी मिळून निम्मं साफ केलं, त्यात यंदा भात लागला. शेठवरची केस न्यायालयात आहे. परवा मला तारखेचं समन्स आलं, साक्षीदार म्हणून. बंगले अर्धवट उभे आहेत आणि रविवारी तिथं अजून गाडी येते. माझं दुसरं अपील माहिती आयोगात पडून आहे. त्यात एकच प्रश्न आहे, माझ्या तक्रारीचा फोटो कुणी काढला. साक्षीच्या तारखेला नवऱ्यानं रजा टाकली आहे. मामा येणार आहेत. बाय म्हणाली, मीपण येते, आणि तिकडंबी शिक्का देत नसतील तर खाली बसू.